नोंदणी फुकट, अफवा महाग: सोलापुरातल्या विद्यार्थी-मतदारांसाठी

आधी हिशेब. मतदार यादीत नाव घालायला शून्य रुपये. पत्ता बदलायला शून्य. नावातली चूक दुरुस्त करायला शून्य. नवं ओळखपत्र टपालाने घरी येतं, त्याचेही पैसे नाहीत. मोबाइलवर उतरवून घ्यायचं ई-ओळखपत्र जानेवारी २०२१पासून मिळतं, तेही फुकट. तुमच्या खिशातून जातील ते झेरॉक्सचे चार-दोन रुपये, फोटो काढायचा असेल तर फोटोचे, आणि कॉलेज घेत असेल तर बोनाफाईडची फी. तिचीही पावती घ्या. याउपर कुणी काही मागितलं तर ती त्याची स्वतःची कमाई आहे, सरकारची फी नव्हे.

खरा खर्च होतो तो अफवांमुळे. संगमेश्वर, वालचंद, दयानंद, वैद्यकीय महाविद्यालय, केगावचं विद्यापीठ, कुठलंही नाव घ्या. वर्गात निम्मी मुलं बाहेरगावची असतात. कुणी करमाळ्याचं, कुणी सांगोल्याचं, कुणी धाराशिवकडून आलेलं, कुणी विजापूर-कलबुर्गीकडून. नाव गावच्या यादीत, राहणं सोलापुरात, आणि मतदानाबद्दलची माहिती होस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. निवडणूक लागली की तेच ते मेसेज पुन्हा फिरतात. त्यातले नुकसान करणारे इथे घेतले आहेत.

सर्वांत घातक मेसेज

'यादीत नाव नसेल तरी घाबरू नका. केंद्रावर आधार दाखवा, कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत दुसऱ्याने टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. एका केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होतं.' या मजकुराचा मेसेज २०१९मध्ये फिरला, २०२४मध्ये पुन्हा फिरला. शेवटी 'सर्वांना पाठवा' असतंच.

यादीत नाव नाही म्हणजे मत नाही. आधार, पासपोर्ट, नगरसेवकाची चिठ्ठी, काहीही चालत नाही. मेसेजमधला ४९ए हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे, तुमच्या हक्काशी त्याचा संबंध नाही. 'चॅलेंज' ही गोष्ट खरी आहे, पण उलट्या बाजूने: केंद्रात बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी तुमच्या ओळखीवर हरकत घेतो आणि त्यासाठी त्याला दोन रुपये भरावे लागतात. तुम्हाला नाही. केंद्राध्यक्ष चौकशी करतो, ओळख पटली की तुम्ही मत देता.

टेंडर व्होट मात्र उपयोगाचं आहे. यादीत नाव आहे, पण तुमच्या आधीच कुणीतरी तुमच्या नावावर मत देऊन गेलंय, अशा वेळी नियम ४९पी लागू होतो. ओळख पटवून द्या, तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळेल. ती वेगळ्या पाकिटात बंद राहते, नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. कोर्टात वाद गेला तर तिचं महत्त्व. चौदा टक्क्यांची अट कुठल्याही नियमात नाही.

हा मेसेज घातक म्हणायचं कारण असं की तो तुम्हाला आधी नाव तपासू देत नाही. 'बघू, आधार आहे ना' म्हणत माणूस मतदानाच्या दिवसापर्यंत थांबतो, आणि त्या दिवशी कुणाच्याच हातात काही उरलेलं नसतं.

गावाकडे की सोलापुरात?

दोन्हीपैकी एक. हे तुम्ही ठरवायचं, घरमालकाने नाही, रेक्टरने नाही, गावच्या पुढाऱ्याने तर नाहीच. होस्टेलवर किंवा मेस लावून कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला निवडणूक आयोगाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत: आईवडिलांच्या पत्त्यावर नोंदणी करा, नाहीतर शिकता तिथल्या पत्त्यावर. सोलापूरचा पत्ता द्यायचा असेल तर दोन अटी. अभ्यासक्रम सरकारमान्य किंवा विद्यापीठमान्य आणि किमान एक वर्षाचा हवा. आणि प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचं बोनाफाईड हवं. त्यावर होस्टेलचा पूर्ण पत्ता लिहून घ्या. नुसतं 'आमच्या कॉलेजचा विद्यार्थी आहे' एवढ्यावर अर्ज अडकतो.

इथे दुसरी अफवा येते: सोलापुरात नाव घातलं तर गावचा अधिवास जातो, शिष्यवृत्ती बंद होते, रेशनकार्डातून नाव उडतं. तसं काही होत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीला जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला आणि गुणपत्रिका लागतात. मतदार यादीतलं ठिकाण त्यात येत नाही. रेशनकार्ड पुरवठा विभागाचं, यादी निवडणूक विभागाची.

जाईल ते एकच: गावच्या यादीतलं नाव. ग्रामपंचायतीला तुमच्या घरातली माणसं उभी राहत असतील किंवा तिथली पाण्याची योजना तुम्हाला सोलापूरच्या नळापेक्षा जवळची वाटत असेल, तर नाव गावातच ठेवा आणि मतदानाच्या दिवशीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढा. कर्नाटकातून आलेल्यांनाही हेच लागू. इथे नाव आलं की तिकडचं गेलं.

मोठी चूक होते ती फॉर्म निवडताना. गावाकडे नाव आधीच असेल तर फॉर्म ६ भरू नका. तो फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. पत्ता बदलायला फॉर्म ८. नाव, वय, फोटो यांतली दुरुस्ती आणि हरवलेलं कार्डही फॉर्म ८मध्येच. 'दोन्हीकडे राहू दे, काय होतंय' हा होस्टेलमधला सल्ला ऐकू नका. फॉर्म ६वर दुसरीकडे नाव नसल्याचं तुम्ही सही करून सांगता. ते खोटं निघालं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

कागदपत्रं, आणि सायबर कॅफेतली गोम

फॉर्म ६ला लागतं ते एवढंच: पासपोर्ट आकाराचा फोटो, वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, यांपैकी एक, पत्त्यासाठी आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार, यांपैकी एक. बिल वडिलांच्या नावावर असलं तरी चालतं. घरातल्या एखाद्याचा मतदार ओळखपत्र क्रमांक जवळ ठेवा, तो विचारला जातो.

कुठे भरायचा? वोटर्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर, आयोगाच्या मोबाइल अॅपवर, किंवा कागदी फॉर्म तुमच्या भागातल्या बीएलओकडे. बीएलओ म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी. बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. त्यांचं नाव संकेतस्थळावर दिसतं. काही अडलं तर तहसील कार्यालय किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाची निवडणूक शाखा. फोन करायचा तर १९५०, मोबाइलवरून आधी ०२१७ लावून.

आता कॅफेबद्दल. फॉर्म भरून देण्याचे पैसे कॅफेवाला घेईल, ती त्याची मजुरी. आधी विचारून घ्या. पण तीन गोष्टी स्वतः बघा. पहिली, मोबाइल नंबर. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकून ओटीपी मागवतो. मग अर्जाची खबर त्याला जाते, आणि ई-ओळखपत्र उतरवायला लागणारा ओटीपीही त्यालाच. आज वाचलेली दोन मिनिटं म्हणजे पुढे फॉर्म ८ची नवी फेरी. दुसरी, मराठी नाव. तुम्ही इंग्रजीत टाइप करता, संगणक मराठीत वळवतो आणि वळवताना वाकवतो. येमूलचं येमुल, क्षीरसागरचं भलतंच काही, बिराजदारचं बिरादार. सबमिट करण्याआधी मराठी रकाना मोठ्याने वाचा आणि चुकलं असेल तर हाताने दुरुस्त करा. तिसरी, संदर्भ क्रमांक. कागदावर लिहून घ्या किंवा त्याचा फोटो काढा. अर्ज कुठे पोचला ते पुढे त्याच्यावरूनच कळतं.

'अर्जंटमध्ये करून देतो, ओळख आहे' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावेच लागतात, ते कुणाच्या ओळखीने कमी होत नाहीत. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. यादीत नाव चढल्यानंतर कार्ड १५ दिवसांत पोचवायचं, असं आयोगाने २०२५मध्ये ठरवलं आहे.

आधार क्रमांक द्यायलाच हवा का? नाही. 'आधार जोडलं नाही तर नाव कापणार' हा मेसेजही खोटा. आधार जोडण्याचा फॉर्म ६बी ऐच्छिक आहे. आयोगाने सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसं सांगितलं आहे.

अठरा कधी पूर्ण होतात, आणि दार कधी बंद होतं

'एक जानेवारी चुकला, आता पुढच्या वर्षी' हे पूर्वी खरं होतं. आता वर्षात चार तारखा: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाले तर १ ऑक्टोबरच्या तारखेने नाव लागतं. सतराव्या वर्षीही आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे बारावीच्या वर्गातच काम उरकतं. आपोआप मात्र नाव चढत नाही. दहावीचा बोर्ड निवडणूक शाखेला कळवत नाही.

निवडणूक जाहीर झाल्यावर किती वेळ मिळतो ते एका उदाहरणावरून बघा. २०२४ची विधानसभा १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, आणि नव्या मतदारांचे अर्ज घेतले १९ ऑक्टोबरपर्यंत. चार दिवस. त्यात बोनाफाईडवर सही करणारे प्राचार्य रजेवर असले तर संपलंच.

महापालिकेला तर दार त्याहून आधी बंद झालं. सोलापूर महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ला झालं, पण यादी धरली होती १ जुलै २०२५ची. त्यानंतर नोंदणी केलेल्यांच्या हातात नवंकोरं कार्ड होतं, तरी मत नव्हतं. 'कार्ड आहे म्हणजे मत आहे' ही समजूत इथे फसते. कार्ड ही ओळख आहे. हक्क यादीतल्या ओळीला असतो. प्रत्येक निवडणुकीआधी नाव नव्याने तपासा.

हेही लक्षात ठेवा की निवडणुका घेणारे आयोग दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाच्या. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोगाच्या. नियम थोडे वेगळे, वेळाही वेगळ्या. विधानसभेला २०२४मध्ये सकाळी ७ ते संध्याकाळी ६, महापालिकेला ७.३० ते ५.३०. 'सहापर्यंत आहे रे' म्हणून महापालिकेच्या मतदानाला पावणेसहाला पोचलात तर कुलूप. वेळेच्या आत रांगेत उभं राहिलेल्या सगळ्यांना मात्र मत देता येतं, रांग कितीही लांब असो.

महापालिकेत एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक निवडायचे असतात. म्हणजे बटणंही चार. एक दाबून बाहेर येऊ नका. सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्यावरच मत पूर्ण होतं. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबा. नोटाबद्दल एक जोड: 'नोटाला सर्वाधिक मतं पडली की फेरनिवडणूक' हे लोकसभा-विधानसभेला खोटं आहे. तिथे नोटा कितीही असो, उमेदवारांत पुढे असेल तो निवडून येतो. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये फेरनिवडणुकीचा आदेश काढला आहे. दोन आयोग असल्याचा घोळ हा असा.

केंद्रावर काय न्यायचं

मूळ ओळखपत्र. कॉलेजचं आयकार्ड चालत नाही. लोकसभा-विधानसभेला मतदार ओळखपत्र नसेल तर आयोगाने बारा पर्याय दिले आहेत. त्यांतले तुमच्याकडे असण्याजोगे म्हणजे आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, दिव्यांगांसाठीचं यूडीआयडी कार्ड. विद्यार्थी ओळखपत्र त्या यादीत नाही. घरी येणारी मतदार चिठ्ठी नुसतीच नेली तरी भागत नाही.

'डिजिलॉकरमध्ये आधार आहे, मोबाइल दाखवू' हा आजचा नेहमीचा शॉर्टकट. तो केंद्राच्या दारात संपतो, कारण मोबाइल आत नेता येत नाही. याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये फेटाळली. मूळ कार्ड खिशात, मोबाइल होस्टेलवर किंवा मित्राकडे. शाईच्या बोटाचा फोटो बाहेर येऊन काढा, हवे तेवढे. यंत्राचा काढलात तर मतदानाच्या गुप्ततेचा भंग होतो.

साडेतीनशे रुपये, मोबाइलवरून मत आणि फुकटची गाडी

मत दिलं नाही तर बँक खात्यातून ३५० रुपये कापणार, असा एक मेसेज आहे. एका वर्तमानपत्राने होळीच्या गमतीत छापलेल्या मजकुरापासून तो सुरू झाला आणि लोकांनी खरा धरला. आयोगाने आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा ठरवला. मत न देण्याला आपल्याकडे दंड नाही.

होस्टेलच्या मुलांना ऑनलाइन किंवा टपालाने मत देता येतं, हेही खोटं. टपाली मत सैन्यातले, निवडणूक ड्यूटीवरचे, ८५ वर्षांपुढचे, दिव्यांग अशा ठरावीक गटांना. विद्यार्थी त्यात नाहीत. 'मोबाइलवरून मतदानासाठी इथे नोंदणी करा' अशी लिंक आली तर तिथे मत नाही, तुमचा बँकेचा ओटीपी जाणार आहे. लिंकमधल्या संकेतस्थळाचं नाव 'गव्ह डॉट इन'ने संपतं का ते बघा. मतदार कार्डाच्या नावाखाली एपीके फाइल आली तर उघडूच नका. बीएलओला तुमच्या ओटीपीची गरज नसते. पैसे गेलेच तर तासाभरात १९३०ला फोन.

गावी जायचं भाडं स्वतःचं. मुलींना एसटीत मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, ते रोजचंच. मतदानासाठी म्हणून वेगळी सवलत नाही. उमेदवाराने पाठवलेल्या जीपमध्ये मात्र बसू नका. मतदारांना फुकट ने-आण करणं हा कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे, आणि त्या जीपमधून परत कधी सोडतील हे जीपवाल्याच्या मर्जीवर असतं. पाकीट घेतलंत तर घेणाराही गुन्हेगार: भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैद. दुकानात, कॉल सेंटरवर अर्धवेळ काम करत असाल तर लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची सुटी भरपगारी असते. मालक पगार कापू शकत नाही.

ग्रुपवर आलेला मेसेज खरा की खोटा ते बघायला आयोगाने एप्रिल २०२४पासून 'मिथ व्हर्सेस रिअॅलिटी' नावाची नोंदवही संकेतस्थळावर ठेवली आहे. नेहमीच्या बहुतेक थापा तिथे उत्तरासकट सापडतात. उत्तराची लिंक त्याच ग्रुपवर टाका, जिथे थाप आली होती. वेगळ्या ग्रुपवर टाकून उपयोग नाही.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक. डिग्री हातात आली की पदवीधर मतदारसंघात आपोआप मत मिळतं, असं सांगितलं जातं. मिळत नाही. सोलापूर जिल्हा पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात येतो, आणि तिथे १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. यादी दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणून मागच्या वेळी नाव असलेल्यांनाही पुन्हा अर्ज करावा लागतो. फॉर्म १८, सोबत पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. इच्छुक उमेदवारांची माणसं गठ्ठ्याने फॉर्म गोळा करत कॉलेजच्या फाटकावर उभी असतात. त्यांच्याकडे मूळ कागद देऊ नका, फॉर्म स्वतः तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. त्याचेही पैसे लागत नाहीत.